हजार वर्षांचा हिशेब, सात मीटरचा फरक

2025 च्या दिवाळीच्या अमावस्येला, 21 ऑक्टोबरला, लेमन धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे नऊ कोटी किलोमीटरवर होता. त्या आठवड्यातल्या बातम्यांत त्याच्याबद्दल दोन आकडे फिरत होते, 1,350 वर्षे आणि 1,150 वर्षे. जबलपूरच्या राइट टाउनमध्ये गच्चीवर दुर्बीण घेऊन स्वातीच्या आसपास तो पुसट ठिपका शोधणाऱ्याला साहजिकच वाटेल की यातला एक आकडा चुकीचा असणार. पण दोन्ही बरोबर आहेत. येताना त्याचा आवर्तकाल सुमारे 1,350 वर्षांचा होता, जाताना तो सुमारे 1,150 वर्षांचा होणार आहे. चूक आहे ती आपल्या प्रश्नात. ‘हा धूमकेतू किती वर्षांनी येतो?’ हा प्रश्न हॅलीच्या धूमकेतूला शोभतो. दीर्घ मुदतीच्या धूमकेतूला दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात: मागच्या खेपेला कधी आला होता, आणि पुढच्या खेपेला कधी येईल?

दोन उत्तरे येतात ती मुख्यतः गुरूमुळे. आत येताना, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, लेमन गुरूपासून जवळपास 35 कोटी किलोमीटरवरून गेला. हे अंतर थोडे नाही, तरीही गुरूच्या ओढीने त्याची चाल बदलली. किती बदलली याचा हिशेब कागद-पेन्सिलीने करता येतो. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला उपसूर्य बिंदूपाशी, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळ असताना, त्याचा वेग सेकंदाला जवळपास 58 किलोमीटर होता. 1,350 वर्षांची कक्षा आणि 1,150 वर्षांची कक्षा यांच्यात त्या बिंदूपाशी वेगाचा फरक निघतो सेकंदाला अवघा सात मीटर, म्हणजे ताशी 25 किलोमीटर. राइट टाउनच्या गल्लीतून ऑटोरिक्षा जाते तेवढा! एवढ्याशा फरकाने दोनशे वर्षे कमी होतात, कारण धूमकेतूचे जवळजवळ सगळे आयुष्य सूर्यापासून दूर, अगदी सावकाश रांगण्यात जाते. इथे वेग किंचित कमी झाला की तिकडे तो तितका लांब जातच नाही.

हाच धक्का सूर्यमालेच्या दूरच्या कडेवरच्या ऊर्ट मेघातून येणाऱ्या धूमकेतूला बसला तर काय होईल? सूर्यापासून ज्याचे सरासरी अंतर पृथ्वीच्या वीस हजार पट आहे, त्याचा आवर्तकाल सुमारे 28 लाख वर्षे असतो. लेमनला बसला तेवढा धक्का त्याला मागे ओढणारा मिळाला तर ते 28 लाख एकदम सुमारे 33 हजारांवर येतात, आणि पुढे ढकलणारा मिळाला तर तो सूर्यमालेतून कायमचा निघून जातो. म्हणूनच 2024 मधल्या त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतूबरोबर जगभर छापला गेलेला ‘80 हजार वर्षांनी’ हा मथळा मला आजही खटकतो. तो आकडा सुरुवातीच्या तात्पुरत्या कक्षेतून आला होता. पुढे निरीक्षणे वाढली तेव्हा सूर्याजवळची त्याची कक्षा किंचित अपास्ताकार, म्हणजे न मिटणारी, दिसू लागली आणि मागचा प्रवास लाखो वर्षांचा ठरला. मथळा मात्र तसाच राहिला.

कक्षा अपास्ताकार म्हणजे धूमकेतू दुसऱ्या ताऱ्याकडून आला, असेही नाही. खगोलशास्त्रज्ञ एलिस स्ट्रॉमग्रेन यांनी 1914 मध्ये नेमका हाच गैरसमज दूर केला. ग्रहांची ओढ हिशेबात धरून त्यांनी अशा धूमकेतूंना उलट्या दिशेने ग्रहांच्या पलीकडे नेले, तेव्हा तिथे त्यांच्या कक्षा मिटलेल्या निघाल्या. आजही रीत तीच आहे. धूमकेतूला गणितात मागे न्यायचे, सगळे ग्रह आतल्या बाजूला राहिले की सूर्याऐवजी संपूर्ण सूर्यमालेचा गुरुत्वमध्य धरायचा, आणि मग आवर्तकाल मोजायचा. पुढच्या प्रवासासाठीही तसेच. अशाच एकोणीस मूळ कक्षांवरून यान ऊर्ट यांनी 1950 मध्ये त्या दूरच्या मेघाचे अस्तित्व मांडले. आवर्तकालाचा हा हिशेब नुसत्या कुतूहलाचा नाही, तो असा उपयोगी पडतो.

यावर आक्षेप येईल की मग हे सगळे अंदाजच झाले. उज्जैनच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत केतूंचे, म्हणजे धूमकेतूंचे, उदयास्त गणिताने कळत नाहीत असेच सांगितले आहे, आणि त्याच्या काळी ते खरे होते. आज मर्यादा आहेत, पण त्या मोजता येतात. आकाशातले स्थान एका विकलेने (आर्कसेकंदाने) चुकले, तर नऊ कोटी किलोमीटरवर ती चूक सुमारे 430 किलोमीटरची होते, जबलपूर ते नागपूर अंतराच्या दीडपटीहून थोडी जास्त. महिनोन्‌महिने घेतलेली शेकडो निरीक्षणे ही चूक दाबत नेतात. खरा त्रास बर्फाचा आहे. उन्हाने तापून निघणाऱ्या वायूच्या झोतांनी धूमकेतू थोडाथोडा ढकलला जातो, आणि ते झोत आधीपासून सांगता येत नाहीत.

तरीही पद्धत खरी उतरते याचा भक्कम पुरावा आहे. इकेया-झांग धूमकेतू 2002 च्या फेब्रुवारीत सापडला. त्याची कक्षा मागे नेली तेव्हा तो खगोलनिरीक्षक हेवेलियसने 1661 च्या फेब्रुवारीत पाहिलेल्या धूमकेतूशी जुळला, म्हणजे शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कारतलबखानाला अडवले त्याच महिन्यातल्या. मधला काळ 341 वर्षांचा, आणि आताच्या कक्षेचा आवर्तकाल सुमारे 366 वर्षांचा. इथेही येण्याचा आणि जाण्याचा आकडा वेगळाच. लेमनची मागची खेप इसवी सन 675 च्या आगेमागे येते, बदामीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळात. त्या काळातल्या चिनी नोंदींत धूमकेतू आहेत, पण तेवढ्यावरून तोच हा असे म्हणणे घाईचे ठरेल. 1661 ला हेवेलियसची मोजमापे होती, 675 ला तशी नाहीत.

म्हणून संपादकांना आणि वाचकांनाही विनंती आहे: धूमकेतूच्या बातमीत एकच आकडा दिसला तर तो येतानाचा की जातानाचा, हे विचारा. लेमन 2025 च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्तानंतर पश्चिमेला क्षितिजालगत होता. तो पुन्हा येईल तो 3175 च्या सुमारास.