बांधावरचा तरवड उपटताय? थांबा, आधी त्याचं काम समजून घ्या

सांगोला, मंगळवेढा, करमाळा भागात माळावर, ओढ्याकाठी आणि बांधावर पिवळ्याधमक फुलांचं एक झुडूप दिसतं. तेच तरवड. नवरात्रात घटाच्या माळेसाठी फुलं लागली की सगळ्यांना त्याची आठवण येते. एरवी बांध साफ करताना जेसीबीच्या पहिल्या फटक्यात तेच जातं. पण पाऊस नसतानाही हिरवं राहणारं हे झुडूप बांधावर काय काम करतं, ते बघू.

ओळखायचं कसं?
तरवड साधारण कमरेपासून डोक्याएवढं वाढतं. पानं चिंचेसारखी जोडीजोडीनं, पण मोठी. देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोल पानं असतात. शास्त्रीय नाव 'सेन्ना ऑरिक्युलाटा' आहे, त्यातल्या ऑरिक्युलाटाचा अर्थच कानासारखं. शेंगा चपट्या, पातळ, वाळल्यावर तपकिरी होतात. पावसाळ्यात उगवून वाळून जाणारा टाकळा याच्याच नात्यातला, पण तरवड वर्षानुवर्षं टिकतं.

बांधाला फायदा काय?
मूळ खोल जातं, त्यामुळे मुरमाड जमिनीतही ते तग धरतं आणि बांधाची माती धरून ठेवतं. शेळ्या-मेंढ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण, राखण काही लागत नाही. छाटलेला पाला शेतात गाडला तर हिरवळीचं खत होतं.

एक गैरसमज मात्र काढून टाकावा. शेंगा येतात म्हणजे तूर-हरभऱ्यासारखं हेही हवेतलं नत्र जमिनीत धरतं, असं बरेच जण समजतात. तरवडाच्या मुळांवर तशा गाठी येत नाहीत. पाला गाडला तरच जमिनीला फायदा.

वांग्याचा आणि तरवडाचा संबंध
तरवडाच्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो. तोही नळीसारख्या पुंकेसरात बंद, टोकाला बारीक भोक. मोठा काळा भुंगा फुलाला धरून गुणगुणत थरथरवतो, तेव्हा पराग बाहेर पडतो. वांगी आणि टोमॅटोच्या फुलांचीही हीच तऱ्हा. म्हणजे बांधावर तरवड फुललेलं असलं की वांग्याच्या कामाचा भुंगा शिवारात टिकतो. बांध बोडका केला तर त्या भुंग्यानं पीक नसताना खायचं काय?

साल, फूल आणि सण
तरवडाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. पूर्वी कातडी कमावायला ही साल वापरत. दक्षिणेत तर त्यावर मोठा धंदा चालायचा. शेजारच्या तेलंगणात याला तंगेडू म्हणतात. तिथं ते राज्यफूल आहे आणि बतुकम्मा सणात या फुलांना मान असतो.

साखरेवर तरवडाचा चहा?
फुलांच्या काढ्यानं मधुमेह बरा होतो, असे मेसेज मोबाईलवर फिरत असतात. फुलांचा काढा पिण्याची रीत जुनी आहे, त्यावर प्रयोगही झालेत, पण ते बहुतेक उंदरांवरचे. काढ्याच्या भरवशावर साखरेची गोळी किंवा इन्सुलिन बंद करणं जिवावर बेतू शकतं. काढा घ्यायचाच असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं.

लावायचं कसं?
वाळलेल्या शेंगा गोळा करून बी काढावं. बियांचं कवच टणक असतं, म्हणून जाड वाळूत चोळून रात्रभर पाण्यात भिजवावं. पहिला चांगला पाऊस झाला की थेट बांधावरच टोकावं. मूळ सरळ खाली जातं, त्यामुळे उपटून दुसरीकडे लावलेलं रोप सहज जगत नाही.

बांध साफ करायचाच असेल तर तरवड मुळासकट काढू नये, वरून छाटावं. पुन्हा फुटवा येतो. पाला शेतात जातो, माती जागेवर राहते आणि घटाला फुलंही मिळतात.