काकांच्या दुकानाचं पेज आणि टेबलचा घोळ

साक्रीहून बोलतोय. आजचा विषय एचटीएमएलचं टेबल. कोरडा वाटेल, पण ऐका.

काकांच्या कृषी सेवा दुकानाचं पेज मी बनवलं. शिकलो होतो जुन्या पुस्तकातून. १९९६-९७ च्या सुमारास पान मांडायला दुसरं धड साधनच नव्हतं. सीएसएस डिसेंबर १९९६ मध्ये आलं, पण ब्राउझरना ते नीट जमायला बरीच वर्षं गेली. मग लोकांनी टेबल घेतलं, बॉर्डर शून्य केली, डाव्या खान्यात मेन्यू, मधल्या खान्यात मजकूर. मोकळी जागा हवी? एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून बसवा! जुगाडच, पण चालायचा.

मीही तेच केलं. रुंदी ८०० पिक्सेल. वरच्या ओळीत दोन औषधांची नावं शेजारी शेजारी, खालच्या ओळीत ज्याच्या त्याच्या खाली पंपाचं प्रमाण. लॅपटॉपवर झकास दिसलं. काकांच्या फोनवर अक्षरं मुंगीएवढी, आणि झूम केलं की उजवीकडचं औषध पडद्याबाहेर.

खरा दणका पुढे. माझ्या एका मित्राला दिसत नाही, तो टॉकबॅक लावून फोन ऐकतो. त्यानं विचारलं, "भो, पहिली दवा कितली टाकानी?" मी म्हटलं, लिहिलंय की! मग त्याच्या शेजारी बसून ऐकलं. पहिलं नाव, दुसरं नाव, मग "दहा मिली", "तीस मिली". टीआर म्हणजे आडवी ओळ, टीडी म्हणजे तिच्यातला खाना. कोडमध्ये जो क्रम, तोच आवाजात. डोळे वरून खाली जोडून घेतात, कानांनी कसं जोडायचं? दहाच्या जागी तीस पडलं असतं तर उभं पीक करपलं असतं. त्या दिवशी पेज बंदच केलं.

नव्या पेजमध्ये प्रत्येक औषधाचा वेगळा डिव्ह आहे, नाव आणि प्रमाण एकत्र. वर फ्लेक्सबॉक्स, रॅप चालू. रुंद पडद्यावर शेजारी, फोनवर एकाखाली एक. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग विसरू नका, नाहीतर फोन पान मोठ्या पडद्याचं समजतो आणि आक्रसून दाखवतो.

म्हणजे टेबल वाईट का? अजिबात नाही. कांद्याचे बाजारभाव बघा: बाजार समिती, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण दर. प्रत्येक आकड्याला वर मथळा आणि बाजूला नाव आहे. हे टेबलच. फक्त मथळ्याला टीडीऐवजी टीएच लावा आणि स्कोप द्या, म्हणजे आकड्यासोबत मथळाही ऐकू येऊ शकतो.

ईमेलमध्ये मात्र जुना जुगाड अजून भेटतो. विंडोजवरच्या आउटलुकनं २००७ पासून पान दाखवायला वर्डचं इंजिन घेतलं, म्हणून डिझाइनवाले तिथं टेबल सोडत नाहीत. तुम्हालाही करावं लागलं तर रोल प्रेझेंटेशन लिहा.

काकांच्या पेजवर भावाचं टेबल आता आडवं सरकतं, बाहेरच्या डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो दिलंय. काकांना ते सरकवणं अजून आवडलेलं नाही.