मेलबर्नचं पत्र : अनुभवाला वर्गात जागा



‘कम्युनिटी सर्व्हिसेस’मधल्या नेतृत्वाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायला इथे आले, तेव्हापासून घरून एकच विचारणा होते : समाजसेवा करायला एवढी फी भरून परदेशी कशाला जायचं? सेवा काय आपल्याकडे कमी चालते? कमी नाहीच चालत, आणि म्हणूनच सविस्तर लिहिते आहे.

इथे वृद्धांचे निवास, अपंगांना घरपोच मदत, मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांचे निवारे यांतलं बरंचसं काम सरकारी पैशावर संस्था करतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेने तर पैसा थेट अपंग व्यक्तीच्या नावे मंजूर करायला सुरुवात केली. मदत कुणाकडून घ्यायची हे आता तीच ठरवते. अशा वेळी संस्था चालवणाऱ्याचं नुसत्या तळमळीवर भागत नाही. त्याला ताळेबंद वाचता यावा लागतो, कामगार कायदा ठाऊक असावा लागतो, तक्रार आली तर तिचा निपटारा करता यावा लागतो. आम्ही शिकतो ते हे.

मला नवल वाटलं ते मात्र वर्गातल्या माणसांचं. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई पन्नाशीच्या आहेत. पदवी नाही. उमेदीची वर्षं वृद्धांना अंघोळ घालण्यात, भरवण्यात, रात्रपाळ्या करण्यात गेली. त्या अनुभवावर त्यांना ग्रॅज्युएट सर्टिफिकेटला प्रवेश मिळाला. ते पार पडलं की मास्टर्सचा रस्ता खुला.

एकदा वर्गात प्रश्न दिला होता. चार अपंग माणसं एका घरात राहतात, त्यातल्या एकाला रात्री नऊला जेवायचं असतं आणि मदतनिसांची पाळी आठला बदलते. व्यवस्थापन शिकून आलेल्या एका तरुणाने तोडगा काढला : सगळ्यांनाच साडेसातला वाढावं. बाई उठल्या आणि त्यांनी फळ्यावर पाळ्यांचा तक्ता नव्याने आखला. दुपारची एक पाळी उशिरा सुरू केली, एकाने दुसऱ्याला काम समजावून सोपवायची दहा मिनिटं धरली, रात्रीचा जादा दर हिशेबात घेतला. खर्च जेमतेम वाढला आणि नऊचं जेवण नऊलाच राहिलं. प्राध्यापकांनी तो तक्ता सगळ्यांना उतरवून घ्यायला लावला.

मला आमच्या तालुक्यातल्या अंगणवाडी सेविका आठवल्या. कोणाचं बाळ वजनात मागे पडलंय, कोणाचं बिऱ्हाड ऊसतोडीला गेलंय, कोणत्या सुनेला घरात पोटभर मिळत नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. पण ती सेविका पदवीधर नसेल, तर एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाची पायरी तिला चढता येत नाही. मुंबईत समाजकार्याची पदव्युत्तर शाळा १९३६ सालीच निघाली, म्हणजे या विद्येत आपण नवखे नाही. पण आपल्याकडे एमएसडब्ल्यू झालेली मुलगी प्रकल्प अहवाल लिहिते आणि सेविका तिला आकडे पुरवते. दोघी एका बाकावर कधी बसायच्या?

पैशाचंही तेच. ‘बायकांचं काम’ म्हणून या क्षेत्राचे पगार मागे राहिले, हे इथल्या वेतन लवादाने मान्य केलं आणि २०१२ साली १९ ते ४१ टक्के वाढ टप्प्याटप्प्याने द्यायला लावली. आपल्याकडे अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना १९७५ ची, आणि सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावं लागलं. मानधनासाठी आजही त्या आझाद मैदानात येऊन बसतात. सत्काराला शाल-श्रीफळ तेवढं हमखास मिळतं.

आणि संस्था? मी जिथे काम केलं तिथे संस्थापक गेले आणि विश्वस्तांचे दोन गट पडले. विश्वस्त बदलल्याची नोंद करणारा चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं लोंबकळला, बँकेत सह्या कोणी करायच्या यावर वाद झाला, कार्यकर्त्यांचे पगार थकले. पुढची फळी तयार करणं हेही अध्यक्षांचंच काम, हे कुणी कधी शिकवलंच नव्हतं. इथे तो अभ्यासाचा भाग आहे.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. वृद्धसेवेच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमावा लागला, त्याच्या २०१९ च्या अंतरिम अहवालाचं नावच ‘नेग्लेक्ट’, म्हणजे हेळसांड. अंतिम अहवालात १४८ शिफारशी आहेत. प्रत्यक्षात आजही मदतनीस घरी येते, पाय धुते, गोळ्या देते, फोनवर नोंद करते आणि पुढच्या घरी धावते. आजीबाईंशी दोन शब्द बोलायचे तर ते कोणत्या रकान्यात लिहायचे? अशा वेळी वाटतं, आमच्या सेविकेला इथे आणावं आणि उंबऱ्यावर टेकून माणसाची चौकशी कशी करतात, हे या व्यवस्थापकांना तिने शिकवावं. नियमांची एवढी चळत रचणाऱ्यांना ही एक गोष्ट जमू नये, याचा राग येतो.

पण त्या सेविकेला बोलवायचं तर आधी आपण तिला शिकण्याच्या जागी बसवायला हवं. हे आपल्याला अशक्य नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारी अभ्यासक्रम काढून बारावी न झालेल्यांना पदवीपर्यंत नेलं. आता पदव्युत्तर दार उघडा. पंधरा वर्षं अंगणवाडी चालवली ही प्रवेशाची पात्रता धरा, सुट्टीच्या दिवशी तालुक्याच्या गावी वर्ग भरवा, फी शासनाने सोसावी आणि उत्तीर्ण होणारीला पर्यवेक्षणाची जागा व पूर्ण पगार द्या. पहिल्या तुकडीला एखादा विषय शिकवायला मी हक्काने येईन.