पानाचा आकार सर्वांत शेवटी

ऑक्टोबर-नोव्हेंबरात सातवीण फुलते आणि तिचा उग्र वास संध्याकाळनंतर रस्ताभर पसरतो. तिच्या डहाळीच्या टोकाकडे पाहिले तर सात पानांचे चक्र दिसते. काटेसावरीखाली उभे राहिले तरी पाच ते सात पाती पंज्यासारखी पसरलेली दिसतात. दोन्ही झाडे एकाच घराण्यातली असावीत, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांचे कसलेही नाते नाही. सातविणीची सात पाने ही खरोखरच सात स्वतंत्र पाने असतात. सावरीचे मात्र ते सगळे मिळून एकच पान. पाच-सात पर्णिका एका लांब देठावर जडलेल्या असतात आणि पान गळते तेव्हा तो देठही गळून पडतो.

अनोळखी झाड ओळखताना पहिली चूक नेमकी इथे होते. डोळा पानाच्या आकाराकडे धावतो. पण लांबट, टोकदार, गुळगुळीत कडांची पाने आपल्या जंगलात शेकड्यांनी आहेत. आकारापेक्षा पान फांदीवर बसले कसे आहे, हे जास्त बोलके असते.

मग ‘पान’ कुठून कुठपर्यंत मोजायचे? त्यासाठी कळी शोधावी. पानाचा देठ फांदीला जिथे टेकतो, त्या बगलेत एक बारीक कळी असते. पर्णिकेच्या बुडाशी ती कधीच नसते. कडुनिंबाची दातेरी कडांची ‘पाने’ या कसोटीवर पर्णिका ठरतात आणि अख्खी काडी मिळून एक संयुक्त पान होते. बेल, पळस आणि पांगारा या तिघांचीही पाने त्रिदळी. त्यात बेलाचे पान चुरगळल्यावर वास देते आणि पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे असतात. पळसाला यातले काहीच नाही, त्याच्या पर्णिका मोठ्या, जाड आणि खरबरीत.

दुसरा प्रश्न मांडणीचा. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक? या एका प्रश्नाने निम्मे जंगल बाजूला होते. साग, जांभूळ, अंजनी, कुडा, हेदू ही समोरासमोर पानांची मंडळी, तर आंबा, कुंभा, वड, उंबर हे एकाआड एकवाले. दर टप्प्यावर एक प्रश्न विचारायचा आणि दोनांपैकी एक वाट धरायची, ही रीत फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क याने 1778 मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींवरील ग्रंथात वापरली. आजही जगभरातले वनस्पतिग्रंथ तीच वापरतात.

आपल्याकडे थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध केला. अभ्यासकांना तो अजून लागतो. पण अशा ग्रंथांची भिस्त मुख्यतः फुलांवर असते आणि जंगलातले झाड फुलते वर्षातून काही आठवडे. उरलेल्या दिवसांत हाताशी येते ते पान. प्रदीप क्रिशन यांनी मध्य भारतातल्या जंगली झाडांवर 2014 साली काढलेल्या पुस्तकात पानांवरूनच झाडांचे गट पाडले, ते याच अडचणीवरचे उत्तर.

मांडणी कळली की बारीक खुणांकडे वळता येते. जांभळाचे पान उजेडासमोर धरले तर तेलाचे पारदर्शक ठिपके दिसतात. कडेला समांतर धावणारी एक शीरही दिसते. अंजनीचे पान तसेच चिवट आणि समोरासमोर, पण त्याच्या बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. सागाचे कोवळे पान बोटांत चोळले की बोटे लाल होतात. हेदू आणि कळंबाच्या दोन देठांच्या मध्ये, कळीला झाकणारी छोटी उपपर्णे असतात. ती दिसली की झाड कॉफीच्या कुळातले असण्याची दाट शक्यता. वड, उंबर आणि फणस यांच्या डहाळीवर गळलेल्या उपपर्णाचा गोल वळा उमटलेला असतो, शिवाय पान तोडले की पांढरा चीक येतो.

ऐन मात्र मांडणीच्या प्रश्नालाच फाटा देतो. त्याची काही पाने समोरासमोर असतात, काही थोडी मागेपुढे सरकलेली. अशा वेळी पान उलटे करावे. मागच्या बाजूला, मधल्या शिरेच्या बुडाशी एक-दोन फुगीर ग्रंथी हाताला लागतात. त्याचे भाऊबंद अर्जुन आणि हिरडा यांनाही ग्रंथी असतात. हिरड्याच्या ग्रंथी देठाच्या वरच्या टोकाशी. ऐन आणि अर्जुन यांचा निकाल खोड लावते. ऐनाची साल काळपट आणि चौकटी-चौकटींनी खोल भेगाळलेली, तर ओढ्याकाठच्या अर्जुनाची साल फिकट, गुळगुळीत आणि पातळ पापुद्र्यांनी सुटणारी.

चीक पाहणे उपयोगाचे असले तरी सरसकट पाने तोडत सुटू नये. बिब्याचा रस अंगाला लागला तर फोड येतात. कोकणातल्या ओलसर जंगलातला रानबिबाही तसाच. त्याच्या देठावर दोन बारीक मऊ आकड्या असतात, त्या लांबूनच शोधाव्यात. बिबल्याच्या सालीतून लालभडक डिंक पाझरतो, पण तो बघायला झाडावर घाव घालायची गरज नसते. जुन्या जखमांवर तो वाळलेला सापडतो, आणि झाडाखाली गोल चकतीसारख्या पंखधारी शेंगा पडलेल्या असतात.

एकाच झाडाची सगळी पाने सारखी असतात, हाही भ्रमच. फणसाच्या रोपाची पाने खाचदार असतात, मोठ्या झाडाची अखंड. तोडलेल्या सागाच्या बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांची पाने नेहमीपेक्षा कितीतरी मोठी येतात. रस्त्याकडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचे कोयत्यासारखे ‘पान’ हा मुळात चपटा झालेला देठ असतो. तिच्या कोवळ्या रोपाला बाभळीसारखी बारीक संयुक्त पाने येतात, तेव्हा हे उघड होते. म्हणून रोपाची, धुमाऱ्याची किंवा जमिनीवर पडलेली पाने बाजूला ठेवून मोठ्या फांदीवरची पुरी वाढलेली पाने पाहावीत.

दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनही ओरबाडला जातो, तो दोघांच्या दुभंगलेल्या पानामुळे. आपट्याचे पान लहान आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त, कांचनाचे बरेच मोठे. आपट्याची शेंग झाडावर न उकलता लोंबत राहते, कांचनाची वाळून तडकते.

फोनमधली अॅप्स फोटोवरून नाव सुचवतात, पण एकट्या पानाचा फोटो दिला की ती आकारातच अडकतात. पानाची पाठपोट, पाने धरलेली डहाळी, देठाची बगल, साल आणि पडलेले फळ असे वेगवेगळे फोटो घेतले, सोबत ठिकाण आणि तारीख लिहिली, तर जाणकारालाही नाव सांगणे सोपे जाते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस आणि पांगारा लाल-केशरी होतात तेव्हा त्यांच्यावर पान क्वचितच असते. तेव्हाही मांडणी वाचता येते. गळलेल्या प्रत्येक पानाचा वण डहाळीवर राहिलेला असतो. वण जोडीने समोरासमोर असले तर झाड सागाच्या किंवा कुड्याच्या बाजूचे, एकाआड एक असले तर सावर-पळसाच्या.