जळालेली चित्रे आणि मेजर गिल

आमच्या परभणीकडची मंडळी अजिंठा पाहून आली, की गिल आणि पारोची प्रेमकहाणी सांगतात. ना. धों. महानोरांचे काव्य आणि त्यावरचा २०१२ चा चित्रपट यांमुळे ती घरोघरी पोचली. मला मात्र आठवतो तो उतारवयातला गिल.

रॉबर्ट गिल मद्रास सैन्यातला अधिकारी. जन्म १८०४ चा. अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रे ओलीने आणि माणसांच्या हाताळणीने खराब होत होती. त्यांच्या नकला करण्यासाठी १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला नेमले. अजिंठा गावच्या बारादरीत राहून त्याने तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या. १८५६ मध्ये पारो वारली. तिची कबर त्याच गावात आहे. पुढे गिलने कॅमेराही हाती घेतला.

या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. गिल तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. इतक्या वर्षांची मेहनत गेली, तरी त्याने लेणी सोडली नाहीत. एप्रिल १८७९ मध्ये तो वारला. भुसावळला त्याचे दफन झाले.

जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुन्हा नकला करविल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत सापडल्या. म्हणजे नकलेचा भरवसा नाही, जपायची ती मूळ भिंतच. म्हणून लेण्यांत 'फ्लॅश बंद ठेवा' असे कोणी बजावले, तर रागावू नये. गिलची आठवण करावी.