लाइट गेली की वायफाय का बंद पडते?

वादळात मालवण किनाऱ्यावर लाइट जाते आणि नेमका इशारा वाचायच्या वेळी वायफायही बंद पडते. असे का होते?

फायबर जोडणीत काचेच्या एकाच तंतूतून टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही देता येतात. प्रकाशाच्या लहरी वेगळ्या असल्याने त्यांची सरमिसळ होत नाही. वाटेत तंतूला वीज लागत नाही. घरातील मोडेमला आणि केबलचालकाच्या केंद्राला मात्र लागते. मोडेमसाठी त्याच व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो. केंद्रावर बॅटरी किंवा जनरेटर हवा.

तंतूच तुटला तर यूपीएसचा उपयोग नाही. मे २०२१च्या तौक्ते चक्रीवादळात सिंधुदुर्गात विजेचे खांब कोसळले होते. खांबांवरून ओढलेली केबलही अशा वेळी तुटते. मोडेमवर ‘एलओएस’चा लाल दिवा दिसला, तर केबलवाल्याला कळवा.