डिक्सी स्क्वेअर : पडद्यावर भरलेला, धंद्यात ओस पडलेला बाजार

अमेरिकेत शिकागो शहराच्या दक्षिणेस हार्वे नावाचे कारखान्यांचे गाव आहे. तेथे 1966 साली ‘डिक्सी स्क्वेअर’ हा मॉल उघडला. एका छताखाली साठाहून अधिक दुकाने, बाहेर मोटारींसाठी अफाट मैदान, आणि माँटगोमेरी वॉर्ड, जे. सी. पेनी, वूलवर्थ अशी त्या मुलुखातील नामांकित भांडारे. बारा वर्षांनी, नोव्हेंबर 1978 मध्ये, या मॉलला टाळे लागले.

त्यानंतर 1979 मध्ये तेथे चित्रपटवाले आले. ‘द ब्लूज ब्रदर्स’ या चित्रपटात दोघे भाऊ पोलिसांना चुकवत मोटार थेट मॉलमध्ये घालतात, काचा फोडत दुकानांतून आरपार जातात. त्यासाठी ओस पडलेली दुकाने पुन्हा मालाने सजवली, मैदानात गाड्या उभ्या केल्या, गिऱ्हाइके म्हणून माणसे फिरवली. चित्रपट 1980 साली झळकला, जगभर चालला. मॉलला मात्र पुन्हा गिऱ्हाईक मिळाले नाही. मोडतोड तशीच राहिली, पुढे चोरांनी तांबे-पितळ ओरबाडून नेले, छपरे गळू लागली. तीस वर्षांहून अधिक काळ हा सांगाडा गावाच्या छाताडावर उभा होता. अखेर 2012 साली तो पाडला गेला; त्याकरिता सुमारे 40 लाख डॉलरचा सरकारी निधी लागला. बांधकामात ॲस्बेस्टॉस असल्याने नुसता हातोडा चालवून भागणारे नव्हते.

चित्रपटवाल्यांनी मॉल मोडला असे पुष्कळांना वाटते. तारखा पाहिल्या तर ते खरे नाही. मॉल आधीच मेला होता, कॅमेरा नंतर आला.

मग मेला कशाने? आसपास नवे मॉल उभे राहिले. हार्वेतील कारखान्यांची रोजंदारी घटली, तसे गिऱ्हाइकाच्या खिशातले पैसेही घटले. चोऱ्यामाऱ्या वाढल्या, संध्याकाळी बायका-मुले यायची थांबली. ही कारणे खरीच. पण एवढ्यावरून एखादा साधा बाजार पूर्ण बंद पडत नाही. मॉल पडतो, कारण त्याचा हिशेबच वेगळा असतो.

हा हिशेब आम्हा कापडवाल्यांना लवकर कळावा. मुंबईच्या मंगळदास मार्केटमध्ये एक पेढी बंद झाली, तर गिऱ्हाईक शेजारच्या गादीवर बसते. बाजार कोणा एकाच्या नावावर चालत नाही. मॉलमध्ये गर्दी आणण्याचे काम एक-दोन मोठ्या भांडारांचे असते. म्हणून मॉलचा मालक त्यांना जवळजवळ फुकटात जागा देतो आणि त्याची भरपाई लहान दुकानदाराकडून चढ्या भाड्याने करतो. लहान दुकानदार भाडे भिंतींचे देत नाही, मोठ्या भांडाराकडे निघालेल्या गर्दीचे देतो. मोठे भांडार उठले की गर्दी उठते. भाडे, वीज, झाडलोट, पहारा यांचा खर्च मात्र तसाच राहतो. दहा दुकाने बंद झाली की उरलेल्यांवर बोजा वाढतो, मग आणखी दहा बंद होतात. अमेरिकेत म्हणूनच शहाणे दुकानदार करारात कलम घालून घेतात : मोठे भांडार बंद झाले तर आमचे भाडे कमी होईल, किंवा आम्हास करार मोडण्याची मुभा राहील.

मुंबईत 1999 साली हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ मॉल निघाला, आणि त्यानंतर आपल्याकडे मॉलचे पेव फुटले. यात एक आपली खास भानगड आहे. पुष्कळ बिल्डर गाळे सुटे-सुटे विकून मोकळे होतात. शंभर गाळ्यांचे शंभर मालक! कोण मोबाइल विकणार, कोण चपला, कोण गाळा कुलूपबंद ठेवून भाव वाढण्याची वाट पाहणार, हे ठरवणारा कोणी नाही. सरकता जिना बंद पडला तर दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे यावरच वर्ष जाते. (पहिल्या मजल्यावरच्या गाळेवाल्यास विचारा, जिना बंद असण्याचा अर्थ काय ते.) आपले कित्येक बांधव पेढी विकून, घरातले दागिने मोडून असा गाळा घेतात, कारण बिल्डरच्या कागदी चित्रात माणसांची गर्दी काढलेली असते. डिक्सी स्क्वेअरच्या चित्रीकरणातही गर्दी होतीच.

तेव्हा गाळ्याचा इसारा देण्याआधी मंगळवारी दुपारी तेथे दोन तास उभे राहावे. रविवारची गर्दी धरू नये, ती हवा खायला आलेली असते. किती जणांच्या हातात पिशवी आहे ते मोजावे. मोठे भांडार कोणते, त्याचा करार किती वर्षांचा, त्यातली किती उरली, हे विचारावे. गाळे विकलेले की भाड्याचे, आणि देखभालीचा खर्च रिकाम्या गाळ्यांचाही आपल्यावर पडणार काय, तेही पाहावे. बिल्डर तोंडी ‘काळजी नको’ म्हणाला, तर तेवढेच वाक्य करारात लिहून मागावे आणि सही करण्यापूर्वी आपल्या वकिलाकडून वाचून घ्यावे.